दोघींनी धरायचं गिरमिट

पेट्रोलमध्ये कालवलेल्या ऑइलचा उग्र, किंचित गोडसर वास आणि घशात उतरणारी जांभ्याच्या लाल धुळीची तुरट चव. मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाचे ते दिवस मला असे नाकाने आणि जिभेनेच आठवतात.

आमच्या वडिलांना, आबांना, जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. मलकापूरच्या अलीकडे उतारावर त्यांची दीड एकर जमीन. वर गवत, खाली जांभा. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आम्ही दोघी बहिणी गळ्यात गळे घालून रडलो, आणि मोजणीदाराने हद्दीचे दगड रोवल्यावर मात्र एकमेकींच्या पावलांकडे बघत चालू लागलो. शोक माणसांना जवळ आणतो म्हणतात. वाटणी त्यांना किती हळुवारपणे दूर नेते, हे मात्र कुणी का सांगत नाही?

आक्का मलकापुरात, मी कोल्हापुरात राजारामपुरीत. कुंपण घालायचं हे दोघींनाही मान्य होतं. "खांबांच्या खड्ड्यांना माणसं मी बघते," आक्का फोनवर म्हणाली, आणि त्या साध्या वाक्यातही मला कपट दिसलं. माणसं तिची, म्हणजे दोरीही तिचीच. रेषा वीतभर सरकली तर मला कोल्हापुरात बसून काय कळणार? म्हणून मी ठरवलं, खड्डे यंत्राने घ्यायचे आणि यंत्र मी आणायचं.

शिवाजी पेठेत हमीदभाईंचं पंप आणि फवारणी यंत्रांचं दुकान आहे. त्यांनी मला यंत्र दाखवण्याआधी प्रश्नच विचारले. "जमीन कसली हाय? दगड किती लागतोय? धरणार कोण?" मला वाटलं, हा गृहस्थ माझं अज्ञान मापतो आहे. मग त्यांनी फिरत्या पात्याने जमिनीत खड्डा पाडणारी दोन गिरमिटं पुढे ठेवली: एक हलकं, एकट्याने चालवायचं, दुसरं जड, दोन्ही बाजूंना मुठी असलेलं.

"बाई, जांभ्यात एकटीनं जाऊ नका. पातं अडकलं की इंजिन थांबत न्हाय, धरणाराच फिरतो. हे दोघांनी धरायचं. आणि विकत कशाला घेता? चार दिवस भाड्यानं न्या."

विकत घेऊ नका म्हणणारा दुकानदार! माझा संशय दुणावला. मी आणखी दोन दुकानं पालथी घातली. तिथे हलकं यंत्र लोण्यात सुरी जावी तसं चालेल असं सांगितलं, तेव्हा त्या गोडव्याचाही संशय आला. कुणावरच विश्वास नसला की माणूस शेवटी जो कमी गोड बोलला त्याच्याकडे परततो. जड गिरमिट भाड्याने देताना हमीदभाईंनी पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते दाखवलं, पातं मधूनमधून वर काढून माती झाडायला सांगितलं, आणि उजव्या मुठीवरचा खटका दाखवून म्हणाले, "घोटाळा झाला की पहिलं बोट सोडायचं. बोट सुटलं की पातं थांबतंय."

शेतात पोचताच खटक्याची मूठ मी घेतली. आक्का दुसरी मूठ धरून समोर उभी राहिली. मी ताणलेली दोरी तिने पुन्हा तपासली. तिने तपासलेली मी पुन्हा पाहिली. जिच्यावर आपला विश्वास नाही तिच्याच समोर पाय रोवून, तिच्या डोळ्यांत डोळे घालून, एकच थरथरतं यंत्र धरायचं, आणि तेही आपल्या दोघींत कुंपण घालण्यासाठी! आठ खड्डे मात्र सुरेख निघाले. मध्ये एकदा आक्का म्हणालीसुद्धा, "आबा असते तर बघत बसले असते."

नवव्या खड्ड्यात पातं दगडात अडकलं. मुठींना हिसका बसला, माझा पाय घसरला, आणि भीतीने माझी पकड अधिकच आवळली.

"सोड! सोड की!" आक्का ओरडली.

सहा महिने मी तिच्या प्रत्येक बोलण्यात हाच शब्द ऐकत आले होते: सोड, माझ्याकडे दे, बाजूला हो. त्या क्षणीही मला तेच ऐकू आलं. तिला मूठ हवी आहे असं वाटलं, आणि माझं बोट खटक्यावर तसंच राहिलं. मी कोसळले. फिरून माझ्या डोक्याकडे येणारा मुठीचा लोखंडी दांडा आक्काने अंगाचा भार टाकून अडवला. माझं बोट निसटलं, पातं थांबलं. तिचं मनगट एव्हाना मुरगळून वाकडं झालं होतं.

मलकापूरच्या दवाखान्यात प्लॅस्टर सुकत असताना ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तू मुद्दाम दाबून धरलंस."

"मला वाटलं, तुला मूठ पाहिजे."

"आबांनी काय पोरी वाढवल्या," ती म्हणाली, आणि हसताना हात दुखला म्हणून कळवळली.

यंत्र मी परत केलं. आठ खड्ड्यांत आठ खांब उभे राहिले. पुढची हद्द अजून उघडीच आहे. संशय संपला असं मी म्हणणार नाही. तो इतक्या सहज संपत नाही. पण प्लॅस्टर निघेपर्यंत मी आक्काकडेच राहिले. भाकरी माझ्या तिला पसंत पडल्या नाहीत, हे तिने रोज सांगितलं.

एका हाताने वेणी घालता येईना म्हणून सकाळी ती उंबऱ्यावर माझ्याकडे पाठ करून बसायची. तिचे केस बरेच पांढरे झाले होते. हे मला तोवर दिसलंच नव्हतं. एकदा फणी गुंत्यात अडकली आणि मी ओढली.

"हळू," ती म्हणाली.

मी लगेच हात सैल केला.