पालथा टोरलाइफ

टोरलाइफ मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होता. कोरोनाच्या त्या मार्चमध्ये बोटीवरचा एक जण तापाने पडला, बोट धक्क्याला बांधली गेली आणि टोरलाइफ घरी बसला. पण घरी बसणं त्याच्या नशिबात फार दिवस नव्हतं.

त्याची बायको गुनवोर अतिदक्षता विभागातली जुनी नर्स. आम्ही वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाची पोरं. आमची परीक्षा रद्द झाली होती आणि थेट वॉर्डात जायचा हुकूम आला होता. आम्हाला तयार करायचं काम गुनवोरकडे होतं. व्हेंटिलेटरवरच्या कोरोना रुग्णाला श्वास नीट मिळावा म्हणून पालथं कसं करायचं, ते ती शिकवत होती. वळवताना तोंडातली श्वासाची नळी निसटली तर संपलंच. सरावाचा बाहुला मात्र इतका हलका, की मांजरासारखा उचलला जायचा.

"माणूस असा नसतो," गुनवोर म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्यालाच घेऊन आली. चांगला दणकट, दाढीवाला.

"काम काय?" त्याने विचारलं.

"झोपायचं."

"जेवण?"

"आहे."

तो खाटेवर आडवा झाला. गुनवोरने नळी त्याच्या ओठाला चिकटवली.

डोक्याशी आमच्यातली सुन्निवा उभी होती, नळी सांभाळायला. आम्ही त्याला वळवलं, नळी तिच्या हातात आली.

"मेला," गुनवोर म्हणाली. "परत."

परत तेच झालं.

"परत मेला."

सुन्निवाने हातमोजे काढले आणि भिंतीला टेकून खाली बसली. "मला नाही जमणार. तिथे खरंच कुणीतरी मरेल."

पालथ्या टोरलाइफचा आवाज आला, "ए पोरी, ऊठ. मी कितीही वेळा मेलो तरी दुपारी जेवणारच आहे. काय चुकायचं ते इथेच चुकून घे."

"बेशुद्ध माणूस बोलत नाही," गुनवोर म्हणाली.

"बेशुद्ध कुठे? मेलोय मी."

सुन्निवा उठली. संध्याकाळपर्यंत नळी जागची हलेनाशी झाली. टोरलाइफ तेव्हा घोरत होता.

वॉर्डात तिने पहिल्यांदा ज्याची नळी धरली, तो बसचालक बरा होऊन घरी गेला. नंतर एक शाळामास्तरीण आली. तिचीही नळी जराही हलली नाही, पण ती गेली.

शरद ऋतूत सुन्निवाला धक्क्यावर टोरलाइफ भेटला. तिने त्याला दोघांचंही सांगितलं. त्याने दोघांची नावं विचारली. मग तिला बोटीवर नेऊन माशाचं सूप वाढलं. तिने वाटी संपवली.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

"झालीस बाई डॉक्टर," टोरलाइफ म्हणाला आणि तिच्या वाटीत आणखी सूप ओतलं.