दासीचे दोन डोळे

आस्नाकेचनं खळ घोटून तयार ठेवली होती. कापडावरचं चित्र वाळलं होतं. येशूच्या मरणाची आठवण पाळायच्या दुःखसप्ताहाआधी ते चर्चच्या भिंतीला चिकटवायचं एवढंच उरलं होतं. तेवढ्यात मुख्य पुजारी, अबा तिर्फे, काठी टेकत आले आणि चित्रापुढे थबकले.

"ही कोण?"

"शेकोटीजवळची दासी, अबा. पेत्राला ओळखते ती."

"तिला दोन डोळे?"

सगळ्या गोज्जाम प्रांतात पोराटोरांनाही ठाऊक होतं: देवाची माणसं समोरून काढायची, दोन डोळ्यांची. सैतान, यहूदा आणि येशूला छळणारे बाजूनं, एका डोळ्याचे. अक्षर न येणाऱ्यालाही मग कळतं, नमस्कार कुणाला करायचा. आस्नाकेचचे वडील चितारी होते. त्यांचे हात थरथरू लागल्यापासून नऊ वर्षं तीच रंगवत होती. गावाला ते माहीत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

"तुझे वडील तिला एकाच डोळ्याची काढायचे."

"काढायचे. आणि मी विचारलं की म्हणायचे, गप रंग वाट."

"मग वाटायचा होता गप!"

"पन्नाशी उलटली, अबा. किती वाटू?"

अबांनी काठी आपटली. "ती येशूच्या वैऱ्याच्या वाड्यातली. लोक तिच्यापुढे डोकं टेकतील! एक डोळा पुसून टाक. नाहीतर हे कापड भिंतीला लागणार नाही."

"शास्त्रातला तो उतारा वाचा ना एकदा."

"तू मला शिकवणार? तुला वाचता येतं?"

"वाचता येत नाही. ऐकू येतं. बायकांच्या बाजूला उभी राहून जन्मभर ऐकलंय. दासी काय म्हणाली?"

अबा घुटमळले. "तूही येशूबरोबर होतास, असं पेत्राला म्हणाली."

"हे खरं की खोटं?"

"...खरं."

"आणि पेत्र काय म्हणाला?"

अबांनी नजर चित्रातल्या पेत्राकडे वळवली.

"मी येशूला ओळखत नाही, असं तीनदा खोटं बोलला, आणि त्याचे दोन्ही डोळे शाबूत. का? तर मागाहून रडला म्हणून. असू देत, मीही त्याचे दोनच काढलेत. पण येशूला धरलं त्या रात्री त्या अंगणात खरं बोलली ती एकटी. तिचा डोळा मी फोडणार नाही."

"जीभ फार चालते तुझी. बहिरदारहून दुसरा चितारी बोलावतो मी!"

"बोलवा. ही खळ सुकायच्या आत आला तर बरं."

तिनं कापड उलटं पसरलं, खळ फासली आणि खांद्यावर टाकून शिडीला पाय लावला. बायकांच्या बाजूची भिंत रिकामी होती. अबा शिडीच्या पुढ्यात उभे.

"टोक धरा, अबा, नाहीतर बाजूला व्हा."

त्यांनी टोक धरलं नाही. बाजूला मात्र झाले, अर्धंच पाऊल.

तेवढं तिला पुरलं. वरून खाली, तळहातानं दाबत दाबत, तिनं सुरकुत्या काढल्या. दासीच्या चेहऱ्यावरची सगळ्यात शेवटी.