नाही न म्हणणारा महापौर

आमच्या धाकट्या मामांना 'नाही' म्हणता येत नसे. हा स्वभाव नव्हे, धंद्याचं वळण. दोघा भावांचं रंगांचं दुकान. गिऱ्हाइकाला हवी ती छटा नसली की मामा म्हणत, "बसा ना, गोदामात आहे," आणि मागच्या दाराने जाऊन शेजारच्या दुकानातून डबा आणत. गोदाम म्हणजे जिन्याखालचा कोपरा. तिथे थोरल्या मामांची सायकलही मावायची नाही. थोरले मामा गुपचूप रंग ढवळत बसायचे.

या गोड जिभेवर धाकटे मामा आधी नगरसेवक झाले, मग महापौर. मामी म्हणायची, "घरातला गळका नळ दाखवला तरी 'लवकरच मार्गी लावतो' म्हणतात. टाळ्या वाजवू की बादली लावू?"

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. दुकान त्यात जाणार होतं. ठराव मामांच्याच अध्यक्षतेखाली मंजूर झाला. दुकानदारांना नव्या बाजारात गाळे मिळणार होते, पण मुदतीत अर्ज केला तरच. थोरले मामा महापालिकेत गेले आणि चपला दाराबाहेर काढून भावासमोर बसले.

"अर्ज करू का रे? गाळा वरच्या मजल्यावर आहे म्हणतात. डबे चढवता चढवता कंबरडं मोडायचं माझं."

"कशाला, दादा? मी बसलोय ना इथे! होऊन जाईल."

"होणार नसेल तर तसं सांग. मला राग नाही यायचा."

मामांनी चहा मागवला.

दुकान वाचणार नाही हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. पण समोरच्याला रिकाम्या हाताने पाठवायचं कसं, हे ते जन्मात शिकले नव्हते. थोरले निघाले तेव्हा मामांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोरल्यांनी अर्ज केला नाही. मुदत गेली, गाळे वाटून झाले.

पाडायचं यंत्र आलं तेव्हा डबे फळ्यांवरच होते. जेवढे हाताला लागले तेवढे लोकांनी बाहेर काढले; बाकीचे फुटले आणि निळा-पिवळा चिखल गटारापर्यंत गेला.

"अहो, भावाला फोन लावा!" शेजारी ओरडले.

"नको," थोरले म्हणाले. "मीटिंगमध्ये असेल तो."

आता मामा माजी महापौर आहेत. लोक नमस्कार करतात, थांबत मात्र नाहीत. थोरले दुसऱ्याच्या दुकानात पगारावर रंग ढवळतात. घर एकच, थोरले खाली, धाकटे वर. संध्याकाळी मामा खाली येतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात.

"दादा, तुझ्या गाळ्याचं एकाशी बोललोय मी."

"बरं," थोरले म्हणतात. चिडत नाहीत, कोणाशी तेही विचारत नाहीत. पायाला लागलेला रंग नखाने खरवडत राहतात.

मामा थोडा वेळ बसतात. मग जिना चढून वर जातात आणि कोणालाच फोन करत नाहीत.