बर्जीलची खोली कुणाची?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फडताळाच्या वरच्या फळीवर आपण रिकामे डबे टाकत जातो ना, तसे ते पडून राहतात. मग एक दिवस एक डबा काढायला जावं, तर सगळे डोक्यावर येतात!

परवा इंग्लंडहून नातवाचा फोन आला. भारी कावलेला. ईदला याच्या पाहुण्यांनी गाड्या शेजारच्या गोऱ्या बाईच्या दारासमोर लावल्या, तर ती म्हणाली, "आमच्या देशात आलात, तर इथल्या रीतीनं वागायला शिका."

"दादी, इट्स बिकॉज वी आर मुस्लिम!"

मी म्हटलं, "असेलही बाबा, मी काही तिला पाहिलेलं नाही. पण मी तर मुसलमानांच्याच मुलुखात गेले होते, आणि तिथंही वर्षभर मलाच सगळे शिकवत होते. वर ज्या बाईकडे बघून शिक म्हणायचे ना, ती हिंदू होती!"

"व्हॉट?"

मग त्याला सगळं सांगितलं. तेच आता नातीच्या हातून लिहून घेतेय.

*

साठ सालानंतरची एक-दोन वर्षं. दुबईत तेव्हा आपले रुपयेच चालायचे आणि विजेचा पंखा म्हणजे शेठलोकांची चैन. आमचे हे खाडीवर लाँचींच्या मालाचा हिशोब बघायचे. लग्नानंतर मला रत्नागिरीहून तिकडे घेऊन गेले, तेव्हा मला तिसरा महिना होता. त्याच बोटीवर सुशीला भेटली. मालवणची. तिचा नवरा दुबईच्या बर दुबई भागात एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात होता. योग असा, की आमच्या दोघींच्या खोल्या एकाच वाड्यात, एकाच अंगणात निघाल्या.

बोटीत मी तिला पाच दिवस धीर देत होते. "सुशीला, घाबरू नकोस. माझ्याच धर्माची माणसं आहेत. मी करते तसं करत जा."

"तुम्ही आहात म्हणून बरं भाभी," ती म्हणायची.

वाड्याची मालकीण उम्म सईफ, म्हणजे सईफची आई. पन्नाशीची, तोंडावर निळसर झाक असलेला सोनेरी बुरखा, नाकावर त्याचा रंग उतरलेला. तिचा नवरा पूर्वी मोती विकायला मुंबईला जायचा, त्यामुळे तिला कामापुरती हिंदी यायची. आम्ही दारात उभ्या. माझ्या हातात हिरव्या बांगड्या, गळ्यात आमच्याकडे घालतात ती काळी पोत, अंगावर लुगडं. सुशीलाला बोट लागली होती. कुंकू कधीच पुसलेलं, आणि थंडीनं तिनं नवऱ्याची चादर डोक्यापासून गुंडाळलेली.

उम्म सईफनं तिला मिठी मारली. तीनदा गालाला गाल लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू हिंदू? कोई बात नहीं. हमारे यहां हिंदू भी रहता है."

ह्यांनी तिची चूक लगेच सुधारली, पण तिथून जे सुरू झालं!

*

आता मुद्द्याचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या वाड्यात एक बर्जीलची खोली होती. बर्जील म्हणजे छपरावर उभा केलेला चौकोनी मनोरा, चारी बाजूंनी उघडा. वरचा वारा पकडायचा आणि थेट खाली खोलीच्या कोपऱ्यात सोडायचा. तिथं एक इराणी व्यापारी राहायचा आणि तो उन्हाळ्याच्या तोंडावर गावी जाणार होता. माझे दिवस भरणार होते जूनमध्ये. जूनमधली दुबई! आमच्या खोलीला खिडकी होती तळहाताएवढी, आणि तीही चुलीच्या बाजूला.

ह्यांनी उम्म सईफच्या कानावर घातलं. सुशीलाच्या नवऱ्यानंही घातलं, त्याला दम्याचा त्रास होता. उम्म सईफ म्हणाली, "ईदनंतर बघू. ज्याचा शेजार मला गोड वाटेल, त्याला देईन. इन्शाल्ला."

मी मनात म्हटलं, यात बघायचं काय आहे? मी मुसलमान, मी पोटुशी. खोली माझीच!

*

पहिल्या आठवड्यात काफीचं बोलावणं आलं. तिथली काफी म्हणजे वेलची घातलेलं पिवळं, कडू पाणी, बिनसाखरेचं, बिनदुधाचं. कप अंड्याच्या टरफलाएवढा. एक प्याले. मोलकरणीनं लगेच दुसरा भरला. मोठ्या घरी नको कसं म्हणायचं? प्याले. तिसरा भरला. मला वाटलं, आग्रह चाललाय. आपल्याकडे नाही का, नको म्हणायला पानावर आडवं पडावं लागतं?

सुशीला दोन प्याली, आणि तिसऱ्या वेळी तिनं कप हातातल्या हातात हलकेच हलवला. मोलकरीण पुढे गेली. सुशीलानं ते उम्म सईफच्या बहिणीचं बघून उचललं होतं. मेलीनं मला मात्र खुणावलं नाही!

नवव्या कपाला उम्म सईफ बहिणीला काहीतरी म्हणाली आणि दोघी बुरख्याआडून हसल्या. रात्रभर माझं काळीज लाँचीच्या इंजिनासारखं धडधडत होतं. दुसऱ्या दिवशी मोलकरणीकडून कळलं ते वाक्य.

"ही काफी प्यायला आलीय की विहीर उपसायला?"

*

दुसरं बोलावणं. या वेळी कप हलवला बरं का, पहिल्याच घोटाला! मग मोलकरणीनं धुपाटणं आणलं. ऊदाचा तो वास, काय सांगू! प्रत्येकीनं पदराखाली, केसांखाली धूर घेतला. मला वाटलं, आत्ता कुठं बैठकीला रंग येतोय. मी भिंतीला टेकून मांडी घातली.

सुशीला उठली. "चलते हैं" म्हणाली, आणि उम्म सईफनं तिला दारापर्यंत सोडलं. बाकीच्या बायकाही गेल्या. मी मनात म्हटलं, बरं झालं, आता मालकीण आणि मी, खोलीचं बोलता येईल.

धुपाटणं पुन्हा आलं. मी पुन्हा धूर घेतला. उम्म सईफ बघत राहिली. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा आलं. मी म्हटलं, केवढा हा पाहुणचार!

घरी आले तर ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, धुपाटणं फिरलं म्हणजे उठायचं असतं. त्यांनी तुला तीनदा घालवून दिलं!"

"आणि सुशीलाला हे कुणी सांगितलं?"

"तिनं विचारलं असेल."

विचारलं असेल! मुसलमानाची लेक असून मी हिंदूणीला विचारायला जाऊ?

*

एका गोष्टीत मात्र मी तिच्यावर ताण केली. उम्म सईफकडे एक पितळी सुरई होती, चोच लांब, झाकणावर चंद्रकोर. मी सहज म्हटलं, "क्या सुंदर है!" तिनं ती उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "तुम्हारा है." मी घेतली. बाहेर येऊन सुशीलाला दाखवली, तर तिचा चेहरा उतरला. जळली, मी म्हटलं.

पुढच्या वेळी मी उशीचं कौतुक केलं. उशी मिळाली! तिसऱ्या वेळी पानदान.

मग सुशीला हळूच म्हणाली, "भाभी, तसं द्यायची त्यांची रीत आहे. पण घ्यायची नाही हो आपली."

मी म्हटलं, "पोटात दुखतंय का तुझ्या?"

पण चौथ्या खेपेला गेले, तर खोलीत सतरंजी आणि उम्म सईफ एवढंच उरलेलं. मी अंगणातून येताना दिसले की मोलकरणी भांडी आत न्यायच्या!

*

मग आला रमजान. आता तरी कळेल म्हटलं, खरी कोण ते. पाचवा महिना असूनही मी सगळे रोजे धरले. ह्यांनी सांगितलं, सवलत आहे, नंतर धर. मी ऐकलं नाही. उम्म सईफला दिसायला नको?

सुशीलाला कसला रोजा! पण महिनाभर तिनं दिवसा चूल पेटवली नाही. सकाळी अंधारात भात करून ठेवायची आणि दुपारी दार लावून गारच खायची. भांड्याचा आवाजसुद्धा नाही. संध्याकाळी मात्र रोजा सुटायच्या वेळेला उम्म सईफकडे शेवयांची खीर जायची. अंगणभर वास. मला कुणी विचारावं, "खैरून, तू काय पाठवलंस?" मी काय पाठवणार? माझी जीभ कोरडी पडलेली!

एका दुपारी कालवण ढवळताना शंका आली, मीठ पडलं की नाही. आमच्याकडे बायका करतात तसं मी जिभेच्या टोकाला थेंब लावला आणि थुंकून टाकला. चालतं ते, माझ्या आईनं शिकवलेलं. वर बघते, तर दारात उम्म सईफ!

पाठ फिरवली. गेली.

संध्याकाळी सगळ्या बायकांत तिनं सुशीलाच्या पाठीवर हात ठेवला. "ये हिंदू है, फिर भी हमारा रमजान रखती है." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "और कोई मुस्लिम है..."

"मी मीठ बघत होते!" मी ओरडले. मराठीत! कुणाला कळणार? एका सुशीलाला कळलं. ती हसली नाही, हे मला अजून सहन होत नाही. हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

*

ईद झाली. इराणी गेला. बर्जीलची खोली झाडून कुलूप लागलं आणि उकाडा सुरू झाला. किल्ली अजून उम्म सईफच्या कमरेलाच. पाय सुजलेले, पाठीला घामोळं, आणि समोर सुशीला तुळशीच्या काडीसारखी हलकी फिरतेय. डोकं फिरलं माझं.

सुशीलाच्या पेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं. साड्यांच्या घडीत रुमालात गुंडाळलेला पितळेचा बाळकृष्ण. लग्नात आईनं दिलेला. मालकिणीला वाईट वाटेल म्हणून ती बाहेर ठेवायची नाही. सकाळी पेटी उघडून हात जोडायची, पेटी बंद.

मी गेले उम्म सईफकडे. चहाडी केली, खोटं कशाला सांगू? म्हटलं, "तुमच्या घरात बुत आहे. पेटीत लपवलाय. अशा माणसाला तुम्ही खोली देणार?"

उम्म सईफ उठली. बुरखा नीट केला आणि सरळ सुशीलाच्या दारात. मी मागोमाग. सुशीलाचा रंग उडाला. माझ्याकडे एकदाच बघितलं तिनं. पेटी उघडली, रुमाल सोडला आणि मूर्ती तळहातावर धरून उभी राहिली.

उम्म सईफ वाकली. बघत राहिली. रांगणारं बाळ, एक हात वर, हातात लोण्याचा गोळा.

"ये तो बच्चा है!"

"जी," सुशीला म्हणाली.

"बच्चे को पेटी में बंद किया? इस गर्मी में?" उम्म सईफ कडाडली. "यल्ला, सामान उठाव!" आणि कमरेची किल्ली काढून सुशीलाच्या हातात ठेवली.

जाताना माझ्यासमोर थांबली. "शेजारणीची पेटी कुणी उघडून दाखवायची नसते. तुमच्या मुलखात दाखवतात का?"

मी पंधरा दिवस सुशीलाशी बोलले नाही. ती रोज दुपारी येऊन विचारायची, "भाभी, पडायला येता का तिकडे?" मी भिंतीकडे तोंड करायचे.

मग जूनमधल्या एका भर दुपारी कळा सुरू झाल्या. हे खाडीपलीकडे. सुईण आली, माझ्या खोलीत पाय ठेवला आणि म्हणाली, "इथं बाई वाचायची नाही." सुशीलानं मला विचारलंच नाही, सुईणीनं एका काखेत धरलं, हिनं दुसऱ्या, आणि नेलं बर्जीलच्या खोलीत.

तिथं मनोऱ्याच्या तोंडाशीच कोनाड्यात तो बाळकृष्ण बसलेला. माझी नजर तिकडे गेलेली बघून सुशीला धावली, आपलं धुतलेलं लुगडं काढलं आणि त्या कोपऱ्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधून टाकलं. "तुम्हाला समोर नको वाटायचं भाभी."

कळ आली, गेली. लुगडं वाऱ्यानं फुगत होतं, सगळा वारा त्याच्या आत. मी घामानं निथळत होते.

"सुशीला, ते लुगडं काढ."

"का हो भाभी?"

"वारा अडतोय."

ती गाठीला हात लावून थांबली. "कुणाचा? तुमचा की त्याचा?"

"तू काढ आधी!"