तोंड तिकडे कर

“तोंड तिकडे कर!”

ताईंचं पहिलं बोलणं हेच. कसा आहेस, जेवलास का, काही नाही. आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. त्या मागून येणार, आपला चांगला कान बोटानं दाबून धरणार आणि ऑपरेशनच्या कानामागं हळूच एखादी भाजी सांगणार. ऐकू आली ती भाजी आपण मोठ्यानं म्हणायची.

भिवंडीतला लूमवाला, म्हणजे यंत्रमाग चालवणारा, तुम्ही बघितला असेल, तर एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. बोलताना तो तुमच्या ओठांकडे बघतो. खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून आम्ही नुसते ओठ हलवून बोलतो. सातवीत शाळा सोडून किनवटकडून इथं आलो, तेव्हा लूमच्या आधी मी ओठ वाचायला शिकलो.

ताई खारबावच्या. माझ्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. ऑपरेशननंतर माणसाला किती ऐकू येतं, ते पुढं वर्षभर बघायचं. पण कान वाहायचा थांबला की आम्ही कशाला परत जातोय! मग त्या अभ्यासाच्या कामावर असलेल्या ताईच कारखान्यात हुडकत यायच्या आणि खडखडाटातून बाहेर गल्लीत बोलवायच्या.

आधी त्या समोर उभ्या राहून भाजी सांगत. लूमवाले सगळे पास. डॉक्टर खूश. “मी येडी पेढे वाटायचीच बाकी होती,” त्या सांगायच्या. मग एकदा सर्दी झाली म्हणून मास्क लावून विचारलं, तर निम्मे गप्प. तेव्हापासून तोंड तिकडे.

“दीदी, जल्दी करो, लूम खडा है,” लूमवर देखरेख करणारा मास्टर ओरडायचा.

“रुको मास्टर, तुम्हारे कान का भी नंबर आयेगा.”

एक जण म्हणाला, “ताई, सारखी भेंडी-गवार काय? एकदा मटण सांगा की.”

“मटन ऐकू न येनारा मानूस मी अजून बघितला न्हाय. त्यात टेस्ट कसली?”

मला मात्र धडकी भरायची. कान गेला म्हणाले तर काम जाईल, गावी काय सांगू? एकदा काहीच ऐकू आलं नाही, तरी मी “भेंडी” म्हणून मोकळा झालो.

“अंदाज मारू नको, किनवट. न्हाय आलं तर न्हाय म्हन. मी इथं कुनाला पास-नापास करत न्हाय.”

“न्हाय आलं, ताई.”

त्यांनी खांद्यावर दोनदा थोपटलं. खरं बोललं की त्या असंच थोपटायच्या.

मग ताई यायच्या बंद झाल्या. खारबावला गेलो तर त्या खाटेवर. मेंदूची रक्तवाहिनी तुंबून उजवं अंग गेलं होतं, आवाजही. वाकडे ओठ नुसते हलत होते. मुलगा थकल्या आवाजात म्हणाला, “काय बोलते कळत न्हाय. आम्ही आपलं हो हो करतो.”

अर्धा ओठ चांगला होता. मी तेवढा वाचला. “पंखा बंद करा म्हणतायत,” मी म्हणालो.

मुलानं पंखा बंद केला. ताईंनी डोळे मिटले.

मग लूमच्या सुट्टीला, दर शुक्रवारी, मी जात राहिलो. रक्तवाहिनीच्या आजारातून माणूस कितपत सावरतो, याचाही अभ्यास असतो म्हणे. त्यासाठी एक तरुण डॉक्टर येऊन ताईंना हात उचलायला, बोलायला सांगायचा. ताई दमायच्या, पण त्याला कधी नाही म्हणाल्या नाहीत. एकदा तो गेल्यावर ताईंचे ओठ हलले: आता माझा नंबर.

एका शुक्रवारी ओठ म्हणाले, तोंड तिकडे कर.

मी खाटेला पाठ लावून खाली बसलो. मागून नुसता श्वास आला. आवाज फुटलाय का, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं. दारातून मुलगा खुणावत होता, काहीतरी बोल, बरं वाटेल तिला. भेंडी अगदी जिभेवर आली होती.

“न्हाय आलं, ताई.”

खांद्यावर डावा हात पडला. दोनदा.

पुढं दर शुक्रवारी तेच. श्वास, न्हाय आलं, हात. मीही थकत चाललो होतो. आणि एकदा मागून आलं, बारीक, फाटकं, पण आलं.

“शेपू!” मी ओरडलो. मुलगा आतून धावत आला. त्या दिवशी खांद्यावर हात पडला तो निघेचना.

पुढच्या शुक्रवारी खाट रिकामी होती. दुसरा झटका आला होता.

परवा कारखान्यात दवाखान्याच्या नव्या मॅडम आल्या. मला बाहेर बोलावून, समोर उभ्या राहून काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं. त्यांचे ओठ हलायच्या आत मी भिंतीकडे वळलो.