सात नंबरची वही

बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात तिला कारखान्यात घेतलं. वर्षभराचं प्रशिक्षण, दर महिन्याला विद्यावेतन आणि शेवटी बारा जणांतून एकाला कायम नोकरी. उरलेल्या अकरा जणांनी काय करायचं, हे कागदावर छापलेलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नाही. ती एक म्हणजे आपणच, असं तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं. आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं, "पोरगी चिकटली हो कंपनीत." आईचा जन्म नगावर शिलाई करण्यात गेला होता. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारं माणूस त्या घराने पाहिलंच नव्हतं.

तिच्या वाट्याला सात नंबरचं लेथ मशीन आलं, लोखंडी दांडे कातणारं. वयाने तिच्याहून थोरलं आणि लाडावलेल्या पोरासारखं हट्टी. सकाळी थंड असताना पहिले चार दांडे जाड उतरायचे, दुपारी अंग तापलं की तेच बारीक. टूल बोथट व्हायच्या आधी निघणारा कीस निळा पडायचा. हे सगळं फक्त मिस्त्रीकाकांना ठाऊक. तीस वर्षं ते त्या मशीनपाशी उभे होते. सांगायचे मोजकं, आणि तेही तिच्याकडे नाही, मशीनकडे बघून.

पण पोरगी शाळेपासून लिहिणारी. काकांनी टाकलेला प्रत्येक शब्द तिने उचलला, तारीख घालून वहीत मांडला. करायचं ते निळ्या शाईत, करायचं नाही ते लाल. हँडल केव्हा रेघभर मागे घ्यायचं, याची तर तिने वेळेनुसार चौकट आखली. बाकीची पोरं तिला वहीवाली म्हणून चिडवायची. तिला ते आवडायचं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत काका म्हणाले, "सगळं कागदावर नको उतरवू. थोडं हातात राहू दे."

"आणि विसरले तर?"

"तर मला विचार."

म्हातारा कंजूष आहे, असं तिला वाटलं. घरी तिने बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "असतात अशी माणसं. आपल्याबरोबर सगळं घेऊन जातात. तू आपली लिही."

दहाव्या महिन्यात ट्रेनिंगवाले साहेब फेरीला आले. त्यांनी वही हातात घेतली, चार पानं उभ्याने वाचली आणि मग स्टूल ओढून बसले. "दोन दिवस देतेस का ही?"

देतेस का म्हणजे काय! तिने घरी नेऊन वहीला नवं कव्हर घातलं आणि दुसऱ्या दिवशी दिली. त्याच संध्याकाळी आईने शिलाईच्या दुकानात सांगून टाकलं की पुढच्या महिन्यापासून काम धरणार नाही.

वही परत आली. सात नंबरवर प्लास्टिकमधली पानं लटकली. अक्षर तिचंच, फक्त झेरॉक्समध्ये निळी-लाल शाई सारखीच काळी झालेली. साहेबांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. मग केबिनमध्ये बसवून, अगदी मायेने, म्हणाले, "तुझ्या वहीमुळे नवीन माणूस तीन दिवसांत तयार होतो. सात नंबरला कायमचा माणूस कशाला, असं वरचे विचारतात. मी तुझंच नाव दिलं होतं गं. प्रमाणपत्रावर मात्र 'उत्तम' लिहितो." यंदा बारांतला तो एक नव्हताच. तिने स्वतःच्या हाताने, निळ्या आणि लाल शाईत, स्वतःची जागा पुसून टाकली होती.

मिस्त्रीकाका 'सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर तिला निदान भांडता आलं असतं.

शेवटचे तीन दिवस नवीन मुलीला शिकवायचं होतं. ती मुलगी पानं वाचत म्हणाली, "ताई, किती छान लिहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांना कायम केलं असेल ना?"

"नाही."

मुलीला ते पटलं नाही. तिने एप्रनच्या खिशातून कोरी वही काढली. वहीवालीने आईला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. घरी शिलाई मशीन चादरीखाली झाकून ठेवलेलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. साहेब जवळपास नव्हते.

"सगळं कागदावर नको उतरवू," ती हळूच म्हणाली. "थोडं हातात राहू दे."

मुलीने तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला ओळखीची होती. वर्षभर तिने काकांकडे असंच पाहिलं होतं.

"बरं ताई," मुलगी म्हणाली. मग ताई दांडा बसवायला वळली तेव्हा तिने वही उघडली आणि पहिल्या पानावर तारीख घातली. मशीनच्या काचेत ते स्पष्ट दिसत होतं.