दोन मिनिटांच्या वर
वांगं भाजायला ठेवलं की अजूनही माझे तळहात ओले होतात. परदेशात नर्सची नोकरी हवी तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागणार होती. धुळ्याच्या घरी आबा, म्हणजे माझे वडील, हातात घड्याळ घेऊन माझा सराव घ्यायचे. विषयाचं कार्ड, विचाराला एक मिनिट, बोलायला दोन. दोन झाली की परीक्षक थांबवतात, हे मी त्यांना दहादा सांगितलं होतं. पण इंग्रजीचा शब्द न कळणारे आबा घड्याळ विसरून माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि म्हणायचे, "लेक बोलतेय, तिला मधेच कसं तोडू? बठ्ठं सांग." मग मी रोज सगळं सांगूनच थांबायचे. जळगावला परीक्षेत विषय आला, चारचौघांसोबतचं जेवण. मी शेतातली भरताची पार्टी सांगू लागले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, सोलली, ठेचायला घेतली, तेवढ्यात परीक्षक बाई म्हणाल्या, "थँक यू." नियम तोंडपाठ होता, तरी वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. पुढच्या प्रश्नांना मी एकेका शब्दात उत्तरं दिली. परतीच्या एसटीत बसल्यावर सोबत आलेल्या आबांना म्हणाले, "मधेच तोडलं मला." त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. "मंग आता बठ्ठं सांग." उरलेलं भरीत मी इंग्रजीतच सांगितलं, पारोळा येईपर्यंत. पास झाले दुसऱ्या खेपेला. आता इथे दिवसभर इंग्रजीच बोलते. कुणाशीही दोन मिनिटांच्या वर नाही.